पाच ठिकाणांची तिकिटं

वसंतातली सुट्टी लागली होती. संग्रहालयाच्या रांगेत चौथीच्या बाई उभ्या होत्या. मागे पायरीवर बसून एक बाप आपल्या मुलीशी बोलत होता. मुलगी आपल्याच वर्गातली, हे बाईंनी आवाजावरून ओळखलं.

“बाबा, आत नाही जायचं?”

“दोनला ड्यूटी आहे गं. हे घे, बाहेर येणाऱ्या एका काकांनी त्यांचं तिकीट दिलं. वहीत चिकटव.”

“हे चौथंच झालं. बाईंनी सुट्टीत पाच ठिकाणं बघायला सांगितलीत.”

“उद्या मत्स्यालयाबाहेर उभा राहतो. तिथं मिळेल कुणाचं तरी.”

“पण घरच्यांसोबत काय पाहिलं, तेही लिहायचंय.”

“देवमाशाचा सांगाडा आहे म्हणाले ते काका. बसएवढा लिही.”

“बाई सगळ्यांसमोर वाचायला लावतात. मागच्या सुट्टीनंतर मी अडखळले, तर सगळे हसले.”

“आणि बाई?”

“त्या पण हसल्या. थोडंसंच.”

“मग या वेळी पाठ करून जा. मी घेईन म्हणून तुझ्याकडून.”

बाईंची कानशिलं तापली. रांग पुढे सरकली, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. मग मागे वळल्या. त्यांना पाहताच मुलगी ताडकन उभी राहिली.

“बाई, आम्ही आत्ताच सगळं बघून आलो. हो ना, बाबा?”

बाप खाली बघत “हो” म्हणाला.

बाईंना काहीतरी निराळं बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते मात्र रोजचंच.

“छान. नीट लिहून आण हं.”