शिवी न देणारा त्राओरे

(मालीतल्या सेगू शहरात, बसथांब्यामागची तेनिन दियाराची खाणावळ. भर दुपार. तेनिन आणि तिची नणंद नियाले वाढपाच्या टेबलामागे.)

तेनिन : वळून बघू नकोस गं, नियाले! नुसती डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघ. खातोय का?

नियाले : नाही, वहिनी. भात समोर, हात मांडीवर.

तेनिन : आज चौथा दिवस. मी समोर असले की घास उचलत नाही, आणि मी मागे चुलीकडे गेले की ताट चाटूनपुसून साफ! सरळ माणूस असं करेल?

नियाले : लाजत असेल.

तेनिन : खाणावळीत येऊन जेवायची लाज? अगं, सांगारेंनी पाठवलेला हेर आहे तो. शुक्रवारी त्यांचा मध्यस्थ मागणीच्या कोलाच्या बिया घेऊन येणार. मी त्या ठेवून घेतल्या की असितानचं लग्न ठरलं. त्याआधी मुलीची आई कशी आहे, हे बघायला नको? कापडाची तीन दुकानं आहेत त्यांची!

नियाले : मग बघू देत की.

तेनिन : बापाविना पोर आहे ती. हे स्थळ हातचं गेलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

नियाले : असितानला विचारलंस?

तेनिन : फोनवर सांगितलं. गप्प बसली. म्हणजे होकारच.

नियाले : तुझी लेक आणि गप्प? ती झोपेतही बडबडते.

तेनिन : विषय बदलू नकोस. नाव विचारलं तर म्हणे सिरिमान त्राओरे, सिकासोचा.

नियाले : असितान नर्सिंग शिकते, त्याच सिकासोचा?

तेनिन : तेच तर! तिथला माणूस मुद्दाम निवडलाय, पोरीचीही माहिती निघते. आणि आडनाव तर चक्क खोटं. त्राओरे दिसला की आम्ही दियारांनी त्याचा उद्धार करायचा आणि त्यानं दामदुप्पट परत करायचा, ही पिढीजात थट्टा. मंत्र्यालाही चुकत नाही. मी म्हटलं, ‘ये रे चवळीखाऊ, आमचा गुलाम ना तू, पळाला कुठे होतास?’ तर हा मान खाली घालून ‘हो, आई’!

नियाले : नुसतं ‘हो, आई’?

तेनिन : खरा त्राओरे असता तर मला त्याच्या घरी पाणी भरायला लावलं असतं. थांब, विचारतेच.

नियाले : वहिनी, गिऱ्हाइकं बघतायत.

तेनिन : बघू देत. ए सिकासोवाल्या! शेंगदाण्याच्या रश्श्यात खडे लागले का रे?

सिरिमान : नाही, आई.

तेनिन : मग खा माझ्यासमोर.

सिरिमान : माफ करा. ते नाही जमणार.

तेनिन : ऐकलंस, नियाले? बरं, खाऊ नकोस. एक शिवी दे मला, सणसणीत. लगेच मानेन की तू त्राओरे आहेस.

सिरिमान : तुम्हाला नाही देता येणार.

तेनिन : का? जीभ गहाण ठेवलीस?

सिरिमान : इकडे येताना बसमध्ये एका म्हाताऱ्या दियाराला इतकं बोललो की हसून हसून त्याला ठसका लागला. कुठल्याही दियाराला बोलेन. तुम्हाला नाही.

तेनिन : सांगारेंनी बजावलंय वाटतं!

सिरिमान : कोण सांगारे?

तेनिन : वेड पांघरू नकोस!

नियाले : वहिनी, जरा थांब. हा तुझ्यासमोर खात नाही, थट्टा करत नाही, मान वर करून बघत नाही. माझा नवरा माझ्या आईसमोर बारा वर्षं असाच बसायचा, आठवतं?

तेनिन : त्याची गोष्ट वेगळी. ती त्याची सासू...

नियाले : हं.

तेनिन : ...काय रे? कधीपासून ओळखतोस माझ्या पोरीला?

सिरिमान : दोन वर्षं झाली. ती शिकते त्या दवाखान्याचा पाण्याचा पंप मीच दुरुस्त करतो. तिनंच पाठवलं मला. म्हणाली, ‘आईला सांगायला माझं तोंड उघडत नाही. तू चार दिवस जाऊन नुसता बस. तिला कळलं तर ठीक, नाही तर परत ये. मी शुक्रवार सोसेन.’

तेनिन : सोसेन? माझी असितान असं म्हणाली?

सिरिमान : रडत म्हणाली.

तेनिन : आणि मी इकडे खुशीत लग्नाचं कापड निवडत बसले होते! आईच्या जातीला हे कळू नये?

नियाले : सांगारेंचं काय करायचं?

तेनिन : तीन दुकानं आहेत, त्यांना सुनेची काय कमी! तुझे वडील आहेत का रे?

सिरिमान : नाहीत. थोरले काका आहेत.

तेनिन : मग एकटाच काय आलास? गुरुवारच्या आत काकांना घेऊन ये.