उजवीकडचा वरचा कोपरा

चित्रकार: थांबा, थांबा! हात उचला त्या पुस्तकावरून. बाई, हे काय चिकटवताय तुम्ही?

प्रकाशक: पुरस्काराचा स्टिकर. तुझ्याच पुस्तकाला मिळालाय, जरा खूश हो. आणि आलीच आहेस तर तो दुसरा रोल घे नि बस समोर. संध्याकाळी कार्यक्रम, त्याच्या आत हे सगळे खोके हॉलवर पोचायला हवेत. माझा शिपाई आजच आजारी पडलाय.

चित्रकार: कुठे चिकटवलाय ते बघितलंत?

प्रकाशक: उजवीकडे, वर. समितीने कळवलंय तस्सं. सोनेरी गोल, उजवीकडचा वरचा कोपरा, वाकडा नको.

चित्रकार: आणि दादा, तू स्वतः मांडी घालून चिकटवतोयस! तुलाही दिसलं नाही?

लेखक: काय दिसायचंय? आल्या आल्या भांडण उकरून काढू नकोस. आधी पाणी पी, ठकू.

चित्रकार: पाणी नको मला. हे कोरं कव्हर घे. बोट ठेव. उजवीकडे वर काय आहे?

लेखक: रस्ता. रस्त्यावरचा दिवा. बसथांबा... अरेच्चा.

चित्रकार: बोल की. बसथांब्यावर कोण आहे?

लेखक: आई.

प्रकाशक: कव्हरवर पण आहे ती? बघू. कुठे? हा ठिपका?

चित्रकार: ठिपका नाही हो बाई. पिवळी पिशवी घेऊन बसमधून उतरतेय ती. तिथून निघते. पहिल्या पानावर चौकात, मग भिंतीपलीकडे, मग फाटकापाशी. दर पानाला थोडी मोठी होत जाते. पोरगं घरात एकटं. ‘दिवा मी लावला, कडी मी लावली, सावली हलली, मी नाही हललो,’ अशा फुशारक्या मारत असतं. आणि बाहेर आई चालत येत असते.

प्रकाशक: आतली माहितीय गं मला. कव्हरवरची मात्र... खरं सांगू? मला वाटलं छपाईत डाग पडलाय. छापखान्याला झापणार होते मी.

चित्रकार: पोरांना सांगावं लागत नाही. पुस्तक हातात पडलं की आधी तिलाच शोधतात. ती झाकलीत तर उरलं काय? अंधारात एकटं पोर, आणि वर सोन्याची टिकली.

लेखक: बरं, बरं. काढू आपण स्टिकर. त्यात काय एवढं? नखाने कोपरा उचलला की...

(कव्हर टरकन फाटतं.)

प्रकाशक: झालं! आणखी फाडा. लेखकाच्या हाताने फाडलेली प्रत म्हणून जास्त किमतीला विकते.

लेखक: मी हळूच ओढलं होतं.

चित्रकार: आई गेली बघ त्याच्याबरोबर. स्टिकरच्या मागे चिकटलीय, पिशवीसकट.

लेखक: तू माझ्याकडे असं बघू नकोस. स्टिकर मी छापलेला नाही. आणि तू स्टिकरवर चिडलेली नाहीसच. तू रविवारपासून चिडलेली आहेस.

चित्रकार: रविवारी काय होतं?

लेखक: परीक्षण आलं पेपरात.

चित्रकार: हो, आलं. वाचलं मी. पाठ झालंय. ‘आईचा एकदाही उल्लेख न करता, ती पानागणिक जवळ येत असल्याचं लेखकाने ज्या संयमाने सुचवलं आहे, त्याला तोड नाही.’ लेखकाने! आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली होती म्हणून, ‘चित्रेही प्रसंगांना साजेशी.’ साजेशी! पडदे असतात साजेसे.

प्रकाशक: अगं, पण परीक्षण चांगलंच आहे की. त्याच्यामुळे तर समितीने पुस्तक मागवून घेतलं.

चित्रकार: आणि मानपत्रात तेच वाक्य उचललंय, बाई. खाली नाव एकाचंच.

प्रकाशक: त्यांच्या नमुन्यात एकच जागा असते. मी विचारलं होतं.

चित्रकार: काय म्हणाले?

प्रकाशक: म्हणाले, चित्रकारालाही पुष्पगुच्छ देऊ.

चित्रकार: वा! म्हणजे पुन्हा साजेसंच काहीतरी.

लेखक: मी काय करू म्हणतेस? पेपरवाल्याच्या घरी जाऊन भांडू?

चित्रकार: एक फोन करायचास. ‘अहो, माझ्या शब्दांत आई कुठेच नाही. ती संयमाने सुचवलेली नाही, ती नाहीच. चित्रात आहे.’ एवढंच सांगायचं होतं.

लेखक: पण गोष्टीत आई येणार हे गृहीतच होतं ना?

चित्रकार: दादा! कुठल्या तोंडाने बोलतोस? बाई, तुम्ही साक्षीदार आहात. याच टेबलापाशी हा मला काय म्हणाला होता?

प्रकाशक: मला मध्ये ओढू नका. मला खोके भरायचेत.

चित्रकार: सांगा ना.

प्रकाशक: ‘त्या बाईला काढून टाक, माझ्या गोष्टीत लुडबूड करतेय.’ असं म्हणाले होते. किती दिवस तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हता, आणि निरोप्याचं काम माझ्याकडे.

लेखक: म्हणालो असेन. तेव्हा मला गोष्ट तशी दिसत होती.

चित्रकार: आणि आता?

लेखक: आता लोक म्हणतात ते ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलंय की माझ्या मनात होतंच ते. हसू नकोस. खरंच वाटतं. परवा शाळेत एका बाईंनी विचारलं, हे सुचलं कसं, तर मी सांगायला लागलो. सुरळीत सांगत होतो गं! मध्येच माझा मलाच धक्का बसला.

चित्रकार: मग थांबलास?

लेखक: नाही.

चित्रकार: शाब्बास.

लेखक: तुला काय जातंय शाब्बास म्हणायला! मी किती वर्षं लिहितोय. माझ्यावर कुणी कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. पहिल्यांदा कुणीतरी लिहिल्या, तर त्याही तुझ्या निघाल्या! हातांनी चित्रं झाकून बघ आणि फक्त शब्द वाच. काय उरतं? दिवा, कडी, सावली. पोस्टकार्डावर मावेल एवढं. मग मी स्टेजवर कशाला जायचं? खुर्च्या मांडायला?

प्रकाशक: आवाज कमी करा हो, बाहेर दुकानात गिऱ्हाईक आहे.

चित्रकार: तसं नाहीये ते.

लेखक: कसं नाहीये?

चित्रकार: तुझ्या पोराने फुशारकी मारली नसती तर मी आई काढलीच नसती. एवढं घाबरलेलं पोर, आणि एकदाही म्हणत नाही घाबरलो. मला राहवेना. कोणीतरी यायलाच हवं होतं त्याच्यासाठी. तुझे शब्द वाचून रडले होते मी, दादा. तुला सांगितलं नाही कारण तू लगेच फुगतोस.

लेखक: ...सांगायचंस की. फुगलो असतो थोडा.

प्रकाशक: झालं का? मी सांगते आता. उरलेल्या खोक्यांवर स्टिकर डावीकडे खाली, गवतावर. समितीला काय उत्तर द्यायचं ते मी बघेन. चिकटवून झालेल्या प्रती आज टेबलावर ठेवायच्या नाहीत. त्यांना नवं कव्हर चढवू. खर्च माझ्या अंगावर, पण चढवू.

चित्रकार: थांबा, एक बघते. स्टिकरवरच पेनाने आई काढली तर... छे, चकचकीत आहे. शाई पुसतेय.

प्रकाशक: ठेव ते. हात बघ किती काळे झाले. आता दुसरं. लेखकमहाशय, भाषण काय करणार आहात?

लेखक: आभार. थोडक्यात.

चित्रकार: बोलून दाखव.

लेखक: आत्ता?

चित्रकार: आत्ताच. स्टेजवर गेल्यावर तुझी गाडी कुठेही घसरते. आम्ही दोघी प्रेक्षक. उभा राहा.

लेखक: बरं. सन्माननीय समिती, मित्रहो. या छोट्याशा पुस्तकाला माझ्या बहिणीच्या चित्रांची सुंदर साथ लाभली...

चित्रकार: साथ तापाची येते. पुढे.

लेखक: तू मध्ये बोलू नकोस! मित्रहो. पुस्तकाचं काम करताना आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, की आई...

प्रकाशक: मिळून?

लेखक: बाई, तुम्ही तरी!

प्रकाशक: निरोप मी पोचवत होते हो. मिळून वगैरे काही नव्हतं.

चित्रकार: जाऊ दे, बाई. नको. मी पुष्पगुच्छ घेऊन घरी जाते. याला जमणार नाही.

लेखक: बस खाली. बोलतोय मी. बस म्हणतो ना! मित्रहो... तुम्ही ज्या आईचं कौतुक करताय ती माझी नाही. माझ्या गोष्टीत आई नव्हती. मला ती नको होती, मी तिला काढून टाक म्हणालो होतो. माझ्या बहिणीने ऐकलं नाही. पुरस्कार त्या न ऐकण्याला आहे, तेव्हा तिला वर बोलवा.

प्रकाशक: हे चांगलं आहे. हेच बोला.

चित्रकार: दादा...

लेखक: संपलं नाहीये अजून. लहानपणी आई कामावरून यायच्या वेळेला मी हिला खिडकीपाशी स्टुलावर चढवायचो. स्टूल डुगडुगायचं, म्हणून मी खाली बसून धरायचो. ‘येतेय, येतेय, बघ, आलीच,’ म्हणायचो. रोज. आई येताना रोज हिने पाहिली. मी कधीच पाहिली नाही. मला काय दिसणार? स्टुलाचे पाय. म्हणून मला... म्हणून माझ्या गोष्टीत ती येत नव्हती.

प्रकाशक: मी जरा बाहेर गिऱ्हाईक बघून येते.

लेखक: कुठे चाललात? कसं वाटलं ते सांगा तरी. लांबलं का?

चित्रकार: वर बोलवा, इथपर्यंत म्हण. तिथे थांब.

लेखक: आणि शेवटचं?

चित्रकार: ते नको सांगूस त्यांना. ते मला सांगितलंस ना, झालं.