बंदूक गेटावर ठेवून घ्या म्हटलं

सुतळीची गाठ मारताना बायकोनं बोट धरलं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते. म्या घोंगड्यात बंदूक गुंडाळलेली, नळी एका अंगाला, दस्ता एका अंगाला, आणि सुतळीचे चार येढे देऊन म्हटलं, बोट ठेव गं हितं. तिनं ठेवलं. म्या गाठ आवळली, तिचं बोट आत घावलं, ती म्हणाली, माझं बोटबी जमा करता काय ठाण्यात? म्या हसलो. ती बी हसली थोडी. दीड वर्सानं हसली म्हटलं तरी चालंल.

आमचं गाव कणकुंबीच्या म्होरं, रानातच म्हणा की. वीस-बावीस घरं. माझं शिक्षण मराठी चौथी, कन्नड बोलतो सगळं पण वाचता येत न्हाय. शेत रानाला लागून, भात आणि नाचणा, आणि भात पोटरीला आलं की डुकरं येत्यात, गवे येत्यात, एका राती वर्साचं खाऊन जात्यात. म्हणून माझ्या बापाच्या येळंपासनं घरात एकनळी हाय, पीक राखायची, लायसन बापानंतर माझ्या नावावर झालं. काय सांगू तुम्हाला, चाळीस वर्सांत त्या बंदुकीनं म्या माणसाकडं कधी नळी केली न्हाय. डुकरावरबी कमीच, जास्त करून वरती आभाळात बार काढायचा. आणि इलेक्शन आलं की सगळ्या लायसनवाल्यांनी बंदूक ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकाल लागला की पावती दाखवून परत आणायची. हे कायमचं. बसचा कंडक्टर ओळखीचा हाय, घोंगडं बघितलं की म्हणायचा, आण्णा, डुकरास्नी कळतंय काय ओ आचारसंहिता लागली म्हणून? म्या म्हणायचा, त्येंचाबी उमेदवार हाय बाबा, ती पण गप बसत्यात.

एकच पोरगा आम्हाला, परशराम. उद्यमबागेत फौंड्रीत कामाला हुता. शेजारचा दत्तूबी तिथंच, दोघं एकाच मोटरसायकलवरनं जायची यायची. त्या दत्तूला परशाच्या आईनं ल्हानपणी परशाच्या ताटात जेवाय घातलेलं, त्याची आई विधवा बाई, दोघी मैतरणी, भांगलणीला एका वळीत बसणाऱ्या. आणि एका सांजचं काय बोलणं झालं, कशावरनं झालं, कोर्टातबी नीट कुणी सांगितलं न्हाय, परशानं दत्तूच्या डोक्यात लोखंडी पहार घातली. एकच घातली. दत्तू मेला. लोकं म्हणायची, घरात बंदूक असून पहारीनं कसं मारलं. असलं इचारणारी लोकं असत्यात.

पोरगं बेळगावच्या जेलात गेलं. म्या मुलाखतीला जायचा, पंधरा दिवसाला, महिन्याला, जमंल तसं. ही कधी आली न्हाय. दीड वर्स. म्या म्हणायचा, चल. ती म्हणायची, दत्तूच्या आईचं तोंड मला रोज बघाय लागतंय विहिरीवर, मी परशाचं तोंड बघून आले तर तिला माझं कसं दाखवू? तेवढंच बोलायची. परशा काचंच्या पल्याडनं दर खेपंला पयलं हेच इचारायचा, आई आली न्हाय? म्या म्हणायचा, तिला धाप लागते. धाप लागायचीच तिला, गोळ्या चालू हुत्या, ते खोटं न्हवतं. पण त्येला कळायचं.

मग ह्या इलेक्शनच्या तोंडावर एक दिवस दत्तूची आई आमच्या दारात आली. बसली न्हाय. उभ्या उभ्या हिला म्हणाली, जा गं, बघून ये त्येला. माझा तर आता दिसायचा न्हाय, तुझा हाय तवर बघ. आणि गेली. ही बराच येळ उंबऱ्यावर बसली. मग मला म्हणाली, कधी जायचं?

आता माझी चूक ऐका. बंदूक जमा करायचा शेवटचा दिवस आणि मुलाखतीचा दिवस एकच आला. हिला धाप, दोन दिवस दोन खेपा झेपायच्या न्हाईत. म्या म्हटलं, एकाच फेरीत दोन्ही कामं करू, आधी तालुक्याच्या ठाण्यात बंदूक टाकू, तसंच बेळगावला जाऊ. ठाण्यात गेलो तर बंदुका लिवून घेणारा मुन्शी मिटिंगला गेलेला. दोन वाजता या म्हणाला तिथला पोलीस. आणि मुलाखतीची नावं बारापातूरच घेत्यात. म्हटलं चल, बेळगाव करून येतो, येताना देतो.

बसमधी ही म्हणाली, ह्येचं काय करणार तिथं? म्या म्हटलं, बघू. गेटासमोर एक चहाचं दुकान हाय, मुलाखतीला आलेली लोकं तिथं पिशव्या ठेवत्यात. ही म्हणाली, तिथं ठेवा. म्या म्हटलं, खुळी हाईस काय, लायसनात लिवलंय, दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हाय. ती म्हणाली, मग मी बसते झाडाखाली घेऊन, तुम्ही जावा. म्या म्हटलं, तू त्येला बघाय आलीस का माझी बंदूक राखाय? ती म्हणाली, मग तुम्ही बसा, मी जाते. पण तिला कन्नड येत न्हाय, खिडकी कुठली, रांग कुठली, काय ठाव न्हाय. म्या म्हटलं, उगा बोलू नकोस, मोबाईल ठेवून घेत्यात, चामड्याचा पट्टा ठेवून घेत्यात, टोकन देत्यात, तशी ही बी ठेवून घेतील. पोलिसापाशी ठेवायची हाय न्हवं शेवटी? हे पण पोलीसच की. लायसन खिशात, कागद पक्का. असा म्या शाणा.

जेलात बंदूक नेऊ नये हे मला कळत न्हवतं असं न्हाय ओ. ते ल्हान पोरालाबी कळतं. म्या आत नेणारच न्हवतो. मला वाटलं, गेट म्हंजे गेट. पण गेटाच्या आधीबी एक कमान हाय, तिथनंच त्येंची हद्द लागते, तिथं पाटी हाय, कन्नडमधी. दीड वर्स त्या पाटीखालनं गेलो आलो, कुणाला इचारलं न्हाय काय लिवलंय म्हणून.

खिडकीत आधार कार्डं दिली. चिठ्ठी झाली, दोघांची नावं एका चिठ्ठीवर. आतल्या माणसानं ओरडून सांगितलं, परशरामचे आईबाप आलेत म्हणून. म्हंजे आत निरोप गेला. मग झडतीची रांग. ही माझ्या म्होरं, पदर सारखा करत हुती, मला म्हणाली, कुंकू नीट हाय न्हवं? म्या म्हटलं, हाय. मोबाईल दिला आणि टेबलावर घोंगडं ठेवलं, म्हटलं, ह्ये बी ठेवून घ्या, टोकन द्या. तो शिपाई तरणा हुता, अंगानं दांडगा. म्हणाला, एनैति अदराग, अज्जा? काय हाय त्यात म्हणून. म्या सरळ सांगितलं, बंदूक.

त्येला वाटलं चेष्टा करतो. हसला. मग सुरीनं सुतळी कापली. नळी दिसली आणि त्याचं तोंडच बदललं, शिट्टी वाजली, तीन-चार जण धावत आले, रांग मागं ढकलली, मला भिंतीला लावलं, हिलाबी भिंतीला लावलं. साठीची बाई. तिचं तोंड भिंतीकडं. ती म्हणत हुती, अवो लायसन हाय, लायसन हाय, दाखवा की त्यास्नी. म्या दाखवलं. मोठं साहेब आलं, ते मराठी बोलायचं, मारलं न्हाय, शिवी दिली न्हाय, खोटं कशाला बोलू. आपल्या कमरंवर हात ठेवून म्हणालं, आजोबा, मी बी आत जाताना माझं पिस्तूल भाईर ठेवून जातो. आत जाणारा शिपाई नुसती काठी घेऊन जातो. मंत्री आला तर त्याचा बंदूकवाला भाईर उभा ऱ्हातो. तुमचं लायसन शेताला हाय, हितं न्हाय. आत चारशे माणसं असतात, एक नळी आत गेली तर काय हुईल कळतंय काय? म्या म्हटलं, कळतंय. कळलंच मला. नियम बरोबर हाय, आजबी म्हणतो. चूक नियमाची न्हाय.

पण मग ही साहेबासमोर गेली. दोन्ही हात म्होरं केले आणि म्हणाली, माझ्यापाशी काय न्हाय ओ, ह्या चार बांगड्या हाईत, ह्या काढून घ्या, मला एकटीला सोडा, पोरगं आत वाट बघतंय. साहेब म्हणालं, चिठ्ठी एकच हाय, चौकशी हुईपातूर कुणालाच सोडता येत न्हाय. चिठ्ठीवर रेघ मारली.

मग ठाण्यात नेलं मला, जबानी लिवली, आमच्या ठाण्याला फोन केला, ह्यो जमा कराय निघालेला माणूस खरा हाय का ते इचारलं. बंदूक ठेवून घेतली. चारला सोडलं. ही तवर कमानीच्या भाईर दगडावर बसलेली, उन्हात. चहा घेतलेला न्हाय, पाणी न्हाय. मला बघून उठली आणि म्हणाली, तो आत बसला असंल ओ. एवढंच. त्या दिवसानंतर आम्ही दोघांनी मिळून कुठलंच काम केलं न्हाय. ती पडून ऱ्हायली, म्या चूल पेटवायचा, ती खायची न्हाय. तिसऱ्या दिवशी दुपारी दत्तूची आई हिला पेज पाजत हुती आणि ही तिच्या मांडीवरच गेली.

परशाला मातीला आणायला गावच्या मास्तरनं फोन लावला. अर्ज करा, कोर्टाचा हुकूम आणा, संगती पोलीस लागतील, आणि पोलीस तर सगळे इलेक्शनच्या बंदोबस्ताला गेलेले. म्या म्हटलं, ऱ्हावू द्या मास्तर. त्येला कुणी काय सांगू नका, मी सांगतो. अग्नी म्याच दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्या निघालो. भावकी म्हणाली, अग्नी दिलेल्यानं घर सोडू नये, सुतक हाय. म्या म्हटलं, एका नियमापायी ती पोराला भेटली न्हाय, हा दुसरा म्या पाळत न्हाय. दत्तूच्या आईनं चहा करून दिला. कोट घातला, टोपी घातली, भादरलेलं डोकं पोराला एकदम दिसू नये म्हणून. हातात काय घेतलं न्हाय.

कमानीपाशी तोच शिपाई. अज्जा, आज तोफ आणली काय म्हणाला. म्या म्हटलं, बायको मेली. त्यानंच आत जाऊन साहेबाला सांगितलं. मला महिनाभर मुलाखत बंद केलेली, पण साहेबानं दहा मिनिटं दिली. झडती घेताना शिपायाला माझ्या खिशात त्या दिवशी कापलेल्या सुतळीचा तुकडा घावला, गाठीचा. बघितला आणि परत खिशात घातला.

परशा आला. वाळलेला. काचंच्या पल्याड बसला आणि फोन उचलून पयलंच म्हणाला, कशाला आलास आप्पा? आई दारातनं फिरली न्हवं? मला सगळं कळलंय, नाव पुकारलं, मी येऊन बसलो, कुणी आलं न्हाय. तिला माझं तोंड बघवलं न्हाय.

म्या म्हटलं, न्हाय रं. ती रांगेत हुती. झडतीपातूर आलती. कुंकू नीट हाय काय म्हणून मला इचारत हुती. म्या बंदूक आणली संगती, जमा करायची. टेबलावर ठेवली आणि टोकन द्या म्हटलं.

परशा माझ्याकडं बघत ऱ्हायला. बंदूक? म्हणाला. जेलात? आप्पा, जेलात बंदूक आणलीस तू? टोकन मागितलंस? आणि हसाय लागला. डोळ्यांतनं पाणी, आणि हसतोय, काचंवर कपाळ टेकून, पलीकडचा शिपाई बघाय लागला. म्हंजे आई आलती, म्हणाला. आलती तर. पुढच्या खेपंला बंदूक ठेव घरी आणि तिला आण.

दहा मिनिटं दिलेली. म्या त्येला हसू दिलं, त्यातली किती गेली ठाव न्हाय. त्याचं हसणं आपल्या आपण थांबंस्तवर म्या फोन कानाला धरून बसलो. मग सांगितलं.