अन्नपूर्णेची पळी कुठल्या हातात?

मंडळी, ऐका! गोष्टीच्या आधी एक प्रश्न. सोपा आहे, घाबरू नका. तुमच्या देव्हाऱ्यात अन्नपूर्णा आहे ना? लग्नात माहेरून येते ती — एवढीशी, पितळेची, पळी घेऊन बसलेली? रोज तिला आंघोळ घालता, गंध लावता, फूल वाहता. मग सांगा बघू — तिनं पळी कुठल्या हातात धरलीय?

"उजव्या!" वा! पहिल्या ओळीतल्या माईंनी कसं ठणकावून सांगितलं! नक्की ना, माई? "उजव्याच!" अरे वा, 'च'सुद्धा लावला! असू द्या. तो 'च' जपून ठेवा माई, शेवटी मी परत मागणार आहे.

आता त्याच प्रश्नाच्या पोटातला दुसरा. एखाद्याला आपण म्हणतो ना, "याला मेल्याला काही जमत नाही" — तेव्हा खोट त्याच्या हातात असते, की आपण मांडून ठेवलेल्या जागेत? काय म्हणता? गप्प का? उजव्या हाताला उत्तर आलं, याला नाही आलं! बरं, मीही देत नाही. गोदाकाकू देतील.

कृष्णेकाठचं एक गाव. नाव सांगत नाही — तिथलं कोणी इथं बसलं असेल तर माझं उद्याचं जेवण बुडायचं! त्या गावात घैसासांचं घर. त्या घराला एक मान होता. नवरात्रातल्या अष्टमीला देवीचा महानैवेद्य जायचा तो घैसासांच्या चुलीवरून. आणि तो रांधायच्या गोदाकाकू. अंगानं काडी, जिभेनं लवंगी मिरची! पण हाताला चव अशी, की नुसत्या वरणाला फोडणी बसली तरी ओसरीवरची माणसं बोलायची थांबायची.

पण वय कुणाला सुटलंय? काकूंची मनगटं सुजायला लागली. तवा उचलवेना. आणि देवासारखी घरात सून आली — यमुना. यमू. एक गोदावरी, एक यमुना! एका स्वयंपाकघरात दोन नद्या! पूर नाही येणार तर काय होईल हो?

पोर मात्र गुणाची. हसली की घर उजळायचं. काकूंना मुलगी नव्हती, त्यांना ते हसू फार आवडायचं. पण तसं बोलून दाखवतील तर शपथ! आणि एक गोष्ट लग्नाआधी कळलीच नव्हती. मुलगी बघायला गेले, तेव्हा डावा हात पदराखाली. आईनं बजावलेलं — "बाहेर काढू नकोस हो!" लग्न झालं, पदर खोचला, हात बाहेर आला — आणि सूनबाई डावखुरी! पळी डाव्या हातात, विळीवर भाजी डाव्या हातानं, पोळी लाटायची तीही डाव्याच्या जोरावर.

"अगं बाई, बाई! देवीचा नैवेद्य डाव्या हातानं? माझ्या चुलीपुढं हे चालायचं नाही!"

आता त्या काकूंना हसू नका हं. आपण तरी काय करतो? प्रसाद घ्यायला पोरानं डावा हात पुढं केला की टपली देतो! आणि ताटाची डावी बाजू? चटणी, कोशिंबीर, लोणचं — काढू का उद्यापासून? बघा, लगेच चेहरे पडले!

बरं. डोळे मिटा क्षणभर. पेटी जरा हळू घ्या, अण्णा... असं. आता मी सांगतो तसं ते स्वयंपाकघर मनात उभं करा. लांबट खोली, शेणानं सारवलेली. पूर्वेच्या भिंतीशी चूल. चुलीच्या डाव्या अंगाला वैल — म्हणजे चुलीची धाकटी बहीण, थोरलीच्या उरल्या जाळावर आमटी उकळत ठेवणारी. उजवीकडे खिडकी. खिडकीखाली फळी. फळीवर मिसळणाचा डबा — मीठ, हळद, मोहरी सगळं त्यातच — आणि तेलाची बुधली. डावीकडे मोरी, मोरीशी पाण्याचा हंडा. सकाळचं ऊन खिडकीतून यायचं, धुरात तरंगायचं, आणि काकू मधोमध पाटावर बसायच्या. उजवा हात नेला — मीठ! डावा नेला — पाणी! बघायचंसुद्धा काम नाही. सासूच्या सासूनं लावलेलं घर ते. भिंत हलायची नाही, चूल हलायची नाही, डबा हलायचा नाही!

त्याच पाटावर यमू बसली. काकूंनी तिच्या डाव्या मनगटाला चिंधी बांधली — आठवण राहावी म्हणून. "उजवा, यमे, उजवा!" पण मंडळी, मीठ किती घालायचं हे डोक्याला कळतं होय? ते चिमटीला कळतं! यमूची चिमूट डाव्या हातात, आणि मीठ उजवीकडे. मध्ये जाळ! उजव्या हातानं घातलं, तर आमटी एक दिवस अळणी, एक दिवस समुद्र. विसरून डावा हात पुढं गेला, तर जाळावरून जायचा आणि पदराला ठिणगी लागायची. तेल सांडलं, दूध उतू गेलं, पोळ्या अशा व्हायच्या की भूगोलाच्या मास्तरांनी भिंतीवर टांगाव्यात!

"हाताला चवच नाही हिच्या!" काकू म्हणायच्या. आणि पोर? पोर हसायची थांबली.

तबलजी! तुमचा डावा हात घ्या बरं मांडीखाली. घ्या, घ्या! आता नुसत्या उजव्यानं वाजवा. ...ऐकलंत? टिक-टिक-टिक! डग्गा गप्प, घुमारा गेला. काय तबलजी, वाजवता येत नाही वाटतं? हाताला तालच नाही तुमच्या! बघा, कसे रागावले! राहू द्या तसाच हात. मी सांगेपर्यंत काढायचा नाही.

नवरात्र आलं. काकूंनी निक्षून सांगितलं — "सप्तमीला पुरण शिजवून दाखव. जमलं, तर अष्टमीला देवीच्या स्वयंपाकाला तू बसशील. नाही जमलं, तर माहेरी जा. हात सुधारला की ये." हात सुधारला की! म्हणजे कधी हो? यमूला ठाऊक होतं — हा जन्म गेला तरी हात बदलायचा नाही. म्हणजे गेली ती गेली.

सप्तमी उजाडली. पुरण घोटत आणलं पोरीनं. उजव्या हातानं! खांदा भरून आला, डोळ्यांतून पाणी, पण घोटलं. वास असा सुटला की काकूंचाही राग जरा सैल झाला. राहिली फक्त जायफळाची पूड, फळीवरची. आणि विसरली! चिंधी बांधलेला डावा हात जाळावरून उजवीकडे गेला, पदर भपकन पेटला, पोर दचकली, कोपर लागलं — आणि पातेलं आडवं! सगळं पुरण राखेत!

काकू ओरडल्या नाहीत. पदर विझवला, हात भाजला का ते पाहिलं. मग म्हणाल्या, "अनंता, उद्या पहाटे गाडी जुंप. हिला माहेरी सोडून ये. नैवेद्य मी करीन, मनगटं तुटली तरी."

अनंता म्हणजे नवरा. फार चांगला माणूस होता. म्हणजे गप्प बसला!

जेवणं झाली, म्हणजे बसून उठले सगळे. काकू माजघरात आडव्या झाल्या. दुपारी जेवून पडायचं, त्याला शास्त्र काय म्हणतं? वामकुक्षी! वाम म्हणजे? डावी! कुक्षी म्हणजे कूस! झोपायला डावी बाजू चालते हो शास्त्राला! तर काकू डाव्या कुशीवर वळल्या. बाहेर झाडावर होला घुमत होता. कवडशांत धूळ तरंगत होती. राखेतल्या पुरणाचा गोड, जळका वास घरभर रेंगाळत होता, आणि त्या वासातच काकूंचा डोळा लागला.

स्वप्न पडलं. काय बघतात? आपण पुन्हा नव्या नवरी झालोय, हातांत हिरवा चुडा. आणि आपलंच स्वयंपाकघर, पण हंड्याच्या पाण्यात बघावं तसं उलटं! खिडकी डावीकडे, ऊन डावीकडून येतंय. उजवा हात मिठाकडे नेला, तर गार मोरी. तेल घ्यायला वळल्या, तर मध्ये जाळ. पाणी घेऊ म्हणाल्या, तर हंडा पाठीमागं कुठंतरी, धुरात. काकू नुसत्या हात मारतायत. दूध उतू चाललंय, पांढरं, सावकाश, नदीसारखं खोलीभर पसरतंय. दारात कुणीतरी उभं आहे. तोंड दिसत नाही, आवाज तेवढा ओळखीचा — "हाताला चवच नाही हिच्या!" कुणाचा आवाज हो तो? काकूंचाच!

काकूंना ओरडून सांगायचंय — "अगं, चव आहे! हात पोचत नाहीये माझा!" पण स्वप्नात कधी आवाज फुटलाय का कुणाचा?

तेवढ्यात चुलीच्या पलीकडे बघतात, तर देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा बसलेली. एवढीशी नाही, बाईमाणसाएवढी! पितळेसारखं पिवळं ऊन अंगावर, आणि कशी निवांत रांधतेय! पळी फिरतेय, पण ह्या हातातून त्या हातात कधी जाते ते कळतसुद्धा नाही. काकू बिचाऱ्या सवयीनं म्हणाल्या — तिलाही सोडलं नाही बघा! — "आई, पळी उजव्या हातात धर ना."

अन्नपूर्णा हसली. यमू हसायची ना, तस्सं. म्हणाली, "गोदे, कुठला गं उजवा? तू माझ्यासमोर बसलीस. तुझा उजवा, तो माझा डावा!"

काकू दचकून जाग्या झाल्या. तशाच उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या. आत यमू बसलेली, पाठमोरी. माहेरी जायचं, तर माहेरची अन्नपूर्णा बरोबर न्यायला नको? चिंचेनं घासून मूर्ती लखलखीत केलेली, आणि पोर ती पदरानं पुसत होती. डाव्या हातानं, हळूहळू. तिच्याशीच बोलत होती, "चल गं आई. आपल्याला नाही जमलं इथं."

काकू आत आल्या. खाली बसल्या. मूर्ती हातात घेतली, उन्हाकडे धरली, डोळे बारीक करून पाहिली. आणि मंडळी, अशीच अन्नपूर्णा स्वतःच्या देव्हाऱ्यात, इतकी वर्षं तिला आंघोळ घातली, आणि बघितली ती आज पहिल्यांदा! पळी मांडीवर आडवी. एक टोक ह्या हातात, दुसरं त्या हातात. दोन्ही हातांनी धरलेली!

माई! तो 'च' द्या बघू परत!

काकूंनी यमूच्या मनगटाची चिंधी सोडली. गाठ पक्की बसली होती, दातांनी सोडली. "यमे, ऊठ. डबा खाली काढ."

"डबा? आणि... गाडी?"

"गाडी गेली खड्ड्यात! भिंत हलत नाही, चूल हलत नाही, पण डब्याला काय मुळं फुटलीत? काढ!"

आणि लागल्या की दोघी कामाला! लोणच्याच्या बरण्या, पापड, कुरड्या — जे रोज लागत नाही, ते गेलं खिडकीखालच्या फळीवर. रोजचं सगळं आलं खाली. हंडा मोरीशी राहिला जागच्या जागी, यमूच्या उजव्या हाताला पाण्याची एक कळशी आली. यमूचा पाट सरकला उजवीकडे, चुलीपुढं. आणि डावीकडे, वैलापुढं, काकूंनी मांडला स्वतःचा पाट. "आमटी ढवळायला माझी मनगटं पुरतील. पुरण तुझं."

"पण आई, मिसळणाचा डबा कुठं ठेवू?"

काकूंनी डबा उचलला आणि ठेवला दोघींच्या मधोमध. यमूनं डावा हात नेला — मीठ! काकूंनी उजवा नेला — मीठ! एकाच डब्यात दोघींची बोटं भेटली. आणि यमू हसली हो! किती दिवसांनी हसली! काकू तोंड फिरवून म्हणाल्या, "धूर झालाय मेला." चूल तर केव्हाच विझली होती.

तबलजी, आता सोडा डावा हात! वाजू द्या! हां! अस्सं!

अष्टमीला नैवेद्य निघाला. देवळात एक आजी होत्या, नाक जरा लांब. असतात प्रत्येक देवळात, कुणीही मागं वळून बघू नका! पुरणाचा वास घेतला, यमूकडे पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "काय गं गोदे, सून डावखुरी म्हणे तुझी? कुठल्या हातानं केलाय नैवेद्य? देवीपुढं खरं बोल!"

यमूची मान खाली. ताट तिच्याच हातात होतं. आता ताट काय एका हातानं धरतात? दोन्ही हातांनी धरलेलं!

काकू पुढं झाल्या. देवीकडे बघून म्हणाल्या, "उजव्या हातानं केलाय. ही सून म्हणजे माझा उजवा हात आहे!"

आता मंडळी, तुम्ही. हो, तुम्हीच! फार हसलात काकूंना. घरी गेलात की आधी दिवा लावा आणि आपल्या अन्नपूर्णेकडे एकदा नीट बघा. मग तोंड फिरवा आणि घरातल्या माणसांकडे बघा. ज्याला रोज धांदरट म्हणता, वेंधळी म्हणता, त्याच्या हाताला दोष द्यायच्या आधी बघा, त्याचं मीठ तुम्ही जाळापलीकडे तर ठेवलेलं नाही ना? पुरुष मंडळी, तुम्हीही! दुकानात, शेतात, कचेरीत तुमचेही डबे आहेतच. भिंती पाडायला कोण सांगतंय? डबा सरकवा, एवढंच मागणं आहे.

चला, नामाचा गजर करू या. घ्या टाळी! अहो मास्तर, डावा हात खिशातून काढा — एका हातानं कशी वाजेल?