न रडलेल्या माणसाची फाशी

माझ्या घरी भाड्यानं राहणाऱ्या शाळेच्या बाईंचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. काऊन, ते सांगते.

मी चौथी शिकलेली. आमच्या बेला गावात दुपारी मी मेथी निवडायची आणि बाई मला एक परदेशी कादंबरी आपल्या बोलीत सांगायच्या. त्यातला माणूस आईच्या मयतीत रडत नाही. पुढं त्याच्या हातून खून होतो, पण कोर्टात खुनापेक्षा त्या न रडण्याचीच चर्चा जास्त.

"खोटं रडला असता तर सुटला असता, पण खोटं करायला तो तयार नव्हता," बाई म्हणाल्या.

"आईसाठी रडत नाही? द्या फाशी!" मी म्हटलं.

त्याच वर्षी माझी सासू गेली. तीन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. माझ्या डोळ्यांत टिपूस येईना. शेजारची गंगूबाई कानाशी लागली, "पदर तरी लाव वं डोळ्याला, लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. मी तिचं गू-मूत काढत होती, तवा काऊन नाही आले पाहायला?"

बाया मला दगड म्हणाल्या. मलाही वाटलं, असेन बाई दगड.

तेवढ्यात शाळेच्या बाई येऊन मला चिकटून बसल्या. मी हळूच म्हटलं, "बाई, त्या माणसाची फाशी रद्द करा."

बाईंना हसू फुटलं, मग मलाही. आमी दोघी पदरात तोंड खुपसून गदगदा हलत होतो, आणि गंगूबाई साऱ्यांना सांगत होती, "रडली बाप्पा, शेवटी रडली!"