फेट्याखालच्या कानापर्यंत

पांढरकवड्याच्या स्टँडवर यवतमाळच्या गाडीसाठी रांग लागली होती. पुंडलिकरावांच्या मागं एक अनोळखी बाप आपल्या दहा-अकरा वर्षांच्या पोरीकडून इंग्रजी घोटवून घेत होता. पुंडलिकरावांचे कान आपसूकच तिकडं लागले.

"म्हन, सत्यशीला. नव्या शाळेत हेडमास्तर नाव इंग्रजीतच इचारतीन."

"माय नेम इज सत्यशीला. बाई म्हनतात, 'इज' कसा मधमाशीवानी गुणगुणला पायजे."

"गुणगुणू दे. पन पुढच्या त्या फेटेवाल्या काकाले आयकू गेलं पायजे."

"बाबा, तुमाले कुठं इंग्रजी येते?"

"इंग्रजी नाही येत, आवाज येते. गावात दवंडी कोन देत होतं? या टोकाले बोललो का त्या टोकाच्या मानसाचा घास हातात राहे."

"मंग सोडली काहून?"

"धम्म घेतला अन् डफडं खाली ठेवलं. आवाज माहा होता पोरी, बोल पाटलाचे होते. जलमभर वरडलो, पन त्यात माहं नाव एकडाव नाही आलं."

पुंडलिकरावांनी हळूच फेटा कानावरून वर सारला.

"म्हन आता, सत्यशीला. मान वर कर. शेवट गिळू नको."

"माय नेम इज सत्यशीला देवराव मुनेश्वर!"

साऱ्या रांगेच्या माना वळल्या.

"बाबा, सारे पाहून राह्यले."

"पाहू दे. येवढ्या मोठ्यानं माहं नाव मी आजच आयकलं. पुन्हा म्हन."