मेनूच्या बटणावरचं हसू

—नाही नाही, दादा, लॅपटॉपचा मेनू उघडतो की, सगळं उघडतं, बसा तुम्ही—त्या खुर्चीवर नको, तिथे लंगोट वाळतायत—तक्रार एवढीच की हे खालच्या कोपऱ्यातलं मेनूचं चित्र मोठं केलं की चौकोन चौकोन दिसतात, बाथरूमच्या फरशीसारखे. मेनूचं चित्र मोठं करायचं कशाला, म्हणाल. बरोबर आहे. कुणी करतं का? नाही करत. मला करायचंय. दाराएवढं.

अहो, उठू नका, दुरुस्तीला आलात तर ऐका तरी. विंडोज काढून हे लिनक्स धाकट्या दिरांनी घालून दिलं—‘वहिनी, म्हातारा लॅपटॉप हरणासारखा पळेल बघा’—आणि पळतोही, खोटं कशाला बोलू, पण मेनूच्या बटणावर कसलीशी हिरवी खूण. दीर म्हणाले, बदलता येते: उजवं बटण दाबा, सेटिंगमध्ये जा, हवं ते चित्र द्या. आता बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईला ‘हवं ते’ म्हटल्यावर ती काय देणार? ठकीचा फोटो दिला. ठकी म्हणजे ही, पाळण्यातली—कागदोपत्री नाव बरंच भारदस्त आहे. तिचं पहिलंवहिलं हसू! पण बटणावर ती दिसेचना, मुगाचा दाणा नुसता. मग कापलं, चेहरा तेवढा ठेवला, तो बटणाच्या मापाचा केला, आणि ‘जुन्यावरच साठवू का?’ असं लॅपटॉपनं विचारलं. विचारलं हो, शुद्ध मराठीत विचारलं! एका हातात बाळ, दुसऱ्यात माऊस—अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतं. लग्नाला म्हटलं होतं तसं.

फोनमधला? तो आधीच पुसला. जागा नव्हती. व्हिडिओंनी भरला होता—बाळाच्या आठवणी कशा जपाव्यात, याचे.

आणि उद्या नवरा येतोय, कामाच्या साइटवरून. ठकी हसली तेव्हा तो नव्हता, म्हणून तो फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा म्हणतोय. सासूबाईंनी चौकट आणूनसुद्धा ठेवली—ती काय, कपाटाला टेकवलेली. तिच्यात हा मुगाचा दाणा लावू? शेजारी भिंग टांगू?

कापायलाच हवं होतं का? नव्हतं. म्हणजे—शेजारी वॉशिंग मशीन होतं. असेना का, म्हणाल. अहो, ठकी त्याच्याकडेच बघून हसत होती! मी गावभर सांगून बसले, ‘आईला बघून हसली’, आणि ती हसली मोजे गरगरताना बघून. मी किती पुस्तकं वाचली, अंगाया पाठ केल्या, दात घासतानासुद्धा तिच्याकडे प्रेमळ चेहरा करून बघते—फेस गळतो, तरी बघते. मशीननं काय केलं? सुकवलंसुद्धा नाही धड! म्हणून कापलं मशीन. हे कुणाला बोलू नका. तुम्हाला तरी का सांगत बसले कोण जाणे. तुम्ही गप्प बसता ना, गप्प माणूस दिसला की माझं असंच होतं. फोटो काढतानाही तसंच, जीभ आपोआप बाहेर येते, नवरा चिडवतो—

फोन? कशाला? घ्या, जरा चिकट आहे. काय—पुसलेल्यांचा वेगळा डबा असतो? महिनाभर तिथेच पडून राहतात? आणि हे माझ्या फोनला माहीत, मला नाही! सापडला? अगं बाई, सापडला! सगळाच्या सगळा. मशीनसकट. असू दे, भोगा आता.

जरा मोठा करा. अजून. ते काचेत काय दिसतंय—मशीनच्या त्या फुगीर दारात? केसांचं घरटं, खांद्यावर लंगोट, जीभ ही एवढी बाहेर... ही कोण बया—

मीच की.

म्हणजे ठकी मोज्यांना नाही—ती काचेतल्या—

थांबा, थांबा, काही कापू नका! हा असाच्या असा चौकटीत जाणार. जीभ दिसेल? दिसू दे. दाराएवढी दिसू दे. सासूबाईंनाही दिसू दे. मेनूवर तुमची ती हिरवी खूण ठेवा नाहीतर टरबूज ठेवा, माझं काही म्हणणं नाही. आणि जरा सरका, दादा. ठकी उठली, पंख्याकडे बघतेय—मला मध्ये जाऊन उभं राहायला हवं, आणि जीभ काही मला परक्या माणसासमोर काढता येत नाही. निघा तुम्ही. दार ओढून घ्या.